लाहोर, मुंबई, लाहोर : मीना शोरीची गोष्ट

1949 हे वर्ष लता मंगेशकरांच्या चाहत्यांना पाठ असतं. ‘महल’, ‘बरसात’, ‘अंदाज’, ‘बडी बहन’ ही नावं एका दमात निघतात, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘एक थी लडकी’ येतो तो ‘लारा लप्पा’मुळे. विनोद यांची चाल, अझीझ काश्मिरी यांचे शब्द, लताबाईंच्या जोडीला मोहम्मद रफी आणि जी. एम. दुर्राणी. एवढा तपशील आपल्याकडचे जुन्या गाण्यांचे शौकीन झोपेतही सांगतील. पडद्यावर हे गाणं रंगवणारी मुलगी कोण, असं विचारलं की मात्र बरेच जण थबकतात. त्या मुलीचं नाव मीना. या चित्रपटानंतर ती देशभर ‘लारा लप्पा गर्ल’ म्हणूनच ओळखली गेली. माझ्या मते तिची गुणवत्ता या एका गाण्यापेक्षा बरीच मोठी होती, आणि तिच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर फाळणीने उभा चिरलेला एक अख्खा चित्रपट-उद्योग त्या गोष्टीत येतो.

त्यासाठी आधी लाहोरला जायला हवं.

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात पंजाबी भाषेतला चित्रपट हा प्रकार कलकत्त्यात जन्मला. के. डी. मेहरा यांनी 1935 मध्ये तिथे ‘शीला’ काढला. ‘पिंड दी कुडी’ हे त्याचं दुसरं नाव. त्यात एक लहान मुलगी गात होती, तीच पुढे नूरजहाँ झाली. चारच वर्षांत हा सगळा व्यवहार लाहोरला सरकला. दलसुख पंचोली यांनी 1939 मध्ये ‘गुल बकावली’ आणि पुढच्याच वर्षी ‘यमला जट’ काढला. ‘यमला जट’मध्ये एक देखणा तरुण खलनायक होऊन आला, त्याचं नाव प्राण. गुलाम हैदर यांचं संगीत, ढोलकचा तो ठसठशीत ठेका, पंजाबच्या लोकगीतांचा मोकळा गळा. 1941 चा ‘खजांची’ आणि 1942 चा ‘खानदान’ हे पंचोलींचे हिंदुस्तानी चित्रपट देशभर चालले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या संगीतकारांनाही आपला ठेका बदलावासा वाटला.

पंचोलींच्या बरोबरीने लाहोरात शोरी कुटुंब उभं होतं. वडील आर. एल. शोरी यांची कमला मूव्हीटोन, आणि मुलगा रूप के. शोरी दिग्दर्शक. अकबराशी झुंजलेल्या लोकनायकावरचा ‘दुल्ला भट्टी’ (1940) आणि मुमताज शांतीचा ‘मंगती’ (1942) हे रूप शोरींचे पंजाबी चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतले. रूप शोरी यांना गंभीर विषयांचा सोस नव्हता. प्रेक्षक दिवसभर राबून येतो, त्याला हसवून घरी पाठवावं, असा त्यांचा साधा हिशेब होता. आपल्याकडे मास्टर विनायक आणि आचार्य अत्र्यांनी ‘ब्रह्मचारी’मध्ये जे साधलं, त्या जातीची विनोदाची जाण या माणसात होती, फरक इतकाच, की त्यांच्या विनोदाला शब्दांच्या कोट्यांपेक्षा धावपळ आणि गोंधळ अधिक मानवत असे.

या लाहोरच्या जवळच रायविंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका गरीब मुस्लिम घरातली खुर्शीद जहाँ ही मुलगी. तिची मोठी बहीण लग्न होऊन मुंबईत आली होती, तिच्या आधाराने खुर्शीदही मुंबईला आली. सोहराब मोदींच्या नजरेला ती पडली तेव्हा मिनर्व्हा मूव्हीटोनच्या ‘सिकंदर’ची जुळवाजुळव चालू होती. मोदींनी तिला मीना हे नाव दिलं आणि तक्षशिलेचा राजा अंभी याच्या बहिणीची भूमिका दिली.

‘सिकंदर’ 1941 चा. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस, आणि रुखसानाच्या भूमिकेत वनमाला. याच वनमालाबाई पुढे अत्र्यांच्या ‘श्यामची आई’मध्ये आल्या आणि मराठी घरांत कायमच्या राहिल्या. मिनर्व्हाचे चित्रपट म्हणजे संवादांचा गडगडाट. एकेक वाक्य नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला हवं, हा तिथला शिरस्ता. मीनाने तिथे आणखी काही वर्षं काढली. ‘फिर मिलेंगे’, ‘पृथ्वी वल्लभ’, ‘पत्थरों का सौदागर’ हे चित्रपट केले. या काळातली मीना बघावी तर ती सुंदर दिसते, शब्द स्वच्छ उच्चारते, आणि तरी कुठेतरी अवघडलेली वाटते. मोदींच्या भव्य दरबारांत तिच्या अंगच्या चपळाईला जागाच नव्हती. एखादा नट चुकीच्या घरात पडला तर त्याची उमेदीची वर्षं कशी वाया जातात, याचं हे मला ठळक उदाहरण वाटतं.

ती लाहोरच्या निर्मात्यांकडे काम करू लागली तेव्हा मोदींनी कराराचा मुद्दा काढला आणि प्रकरण कायदेशीर नोटिशीपर्यंत गेलं. त्या काळी कंपन्या नटनट्यांना मासिक पगारावर बांधून ठेवत. परवानगीशिवाय दुसरीकडे काम करणं म्हणजे करारभंग. अखेर तडजोड झाली. ‘शहर से दूर’, ‘आरसी’ आणि रूप शोरींचा ‘शालिमार’ या चित्रपटांतून मीना लाहोरची नायिका झाली. मधल्या काळात जहूर राजा आणि अल नासिर या नटांशी तिची लग्नं झाली आणि मोडली. तिच्याविषयी जे थोडंफार लिहिलं जातं, त्यातला बराचसा भाग या लग्नांवरच खर्च होतो. पुढे तिने रूप शोरी यांच्याशी लग्न केलं. ते तिच्या कलेशी थेट बांधलेलं असल्यामुळे त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

1947 च्या दंग्यांत शोरींचा लाहोरचा स्टुडिओ जळाला. पंचोलींनाही लाहोर सोडावं लागलं. ज्या शहरात हिंदू निर्माते, मुस्लिम संगीतकार, शीख आणि ख्रिस्ती कलावंत एका छपराखाली काम करत होते, ते शहर चित्रपटांच्या नकाशावरून काही महिन्यांत जवळजवळ पुसलं गेलं. प्राण ऑगस्ट 1947 मध्येच मुंबईत येऊन पोहोचले. कुलदीप कौर ही धाडसी नटी दंग्यांच्या दिवसांत लाहोरला परत गेली आणि प्राण यांची मागे राहिलेली मोटार एकटीने चालवत घेऊन आली, असं सआदत हसन मंटोंनी तिच्यावरच्या लेखात लिहिलं आहे. पुढे तो मंटोच मुंबई सोडून लाहोरला गेला. ‘सिने हेरल्ड’ हे मासिक चालवणारे बी. आर. चोप्रा, रेडिओवर ‘फतेह दीन’ म्हणून गाजलेले ओमप्रकाश, पटियाळ्याला लग्नाला म्हणून गेलेले आणि परत घरी जाऊच न शकलेले आय. एस. जोहर असे कितीतरी जण एकेक करत मुंबईत येऊन ठेपले.

उलट दिशेनेही माणसं जात होती. नूरजहाँ आणि शौकत हुसेन रिझवी गेले, स्वर्णलता आणि नझीर गेले, गुलाम हैदरही थोड्याच काळात परतले. त्या वेळी रायविंडची खुर्शीद जहाँ मात्र मुंबईत एका निर्वासित हिंदू दिग्दर्शकाच्या शेजारी उभी राहिली. तिचं माहेर सरहद्दीपलीकडे गेलं होतं, शोरींचा स्टुडिओ राख झाला होता. तिथून दोघांनी नव्याने सुरुवात केली. या निर्णयाला केवढं धैर्य लागलं असेल! शौर्याच्या गोष्टींत आपण ते मोजत नाही, एवढंच.

मुंबईत येऊन शोरींनी पहिली गोष्ट काय करावी? पंजाबी चित्रपट काढला. 1948 चा ‘चमन’. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणा होता. पंजाबी चित्रपटाचा मोठा बाजार पश्चिम पंजाबात, म्हणजे आता परदेशात. उरलेल्या पूर्व पंजाबात माणसं तंबूंत राहत होती. तरी शोरींनी मीना, करण दिवाण आणि कुलदीप कौर यांना घेऊन चित्रपट पुरा केला. स्वतंत्र भारतात झळकलेला पहिला पंजाबी चित्रपट म्हणून ‘चमन’चं नाव घेतलं जातं.

संगीतकार विनोद यांचं खरं नाव एरिक रॉबर्ट्स. लाहोरचा हा ख्रिस्ती तरुण पंडित अमरनाथांच्या तालमीत तयार झालेला. ‘चमन’मध्ये त्याने दोन आवाज वापरले. एक फाजिल्काच्या पुष्पा हंस यांचा. त्यांनी गायलेलं विरहगीत पंजाबी घरांत आजही म्हटलं जातं. (याच पुष्पा हंस पुढच्या वर्षी व्ही. शांताराम यांच्या ‘अपना देश’च्या नायिका झाल्या.) दुसरा आवाज लता मंगेशकरांचा. एक मराठी मुलगी पंजाबी शब्दांचे ते नाकातले आणि टाळूवरचे उच्चार शिकून गात होती, आणि ऐकणारे लाहोर-लायलपूरहून उठून आलेले लोक होते. लाहोर आणि कोल्हापूर यांचा धागा त्याआधीही जुळला होता: मास्टर विनायक यांच्या ‘बडी माँ’मध्ये (1945) नूरजहाँ नायिका होती आणि पोरसवदा लता एका छोट्या भूमिकेत. आता त्या धाग्याचं दुसरं टोक लताबाईंच्या हाती आलं.

‘चमन’ चालला. त्याच मंडळींना घेऊन शोरींनी ‘एक थी लडकी’ उभा केला, या वेळी हिंदुस्तानीत. कथा आय. एस. जोहर यांची, आणि पडद्यावरही ते पहिल्यांदा याच चित्रपटात आले. नायक मोतीलाल.

हा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि दर वेळी मला तो निर्वासितांचा चित्रपट वाटतो, जरी त्यात निर्वासित हा विषय शोधूनही सापडणार नाही. नायिका बेघर आहे. न केलेल्या खुनाचं बालंट तिच्यावर येतं. जोहर आणि मजनू या नटांनी रंगवलेले दोन भामटे तिच्या मागे लागतात. ती जीव घेऊन पळते, आपण कोण हे लपवते, अनोळखी शहरात एका कचेरीत नोकरी मिळवते आणि रोज उघडं पडण्याच्या भीतीत हसतमुखाने वावरते. दोन वर्षांपूर्वी लाखो माणसांनी हेच भोगलं होतं. आपण कोण हे लपवणं, रातोरात निघणं, नव्या गावात कुणाच्या तरी दारात काम मागणं. जोहर, शोरी, विनोद, मीना यांनी स्वतःच्या अंगावरून गेलेली ही गोष्ट उचलली आणि तिचा विनोद केला. रडण्यासारखं सगळं हाताशी असताना त्यांनी हसवायचं ठरवलं, याचं मला फार मोल वाटतं.

आणि मीना! मिनर्व्हात अवघडलेली हीच का ती मुलगी, असा प्रश्न पडतो. तिचे डोळे आधी बोलतात, वाक्य मागून येतं. खोटं बोलताना ती क्षणभर थांबते, त्या थांबण्यातच प्रेक्षक हसतो. पळताना, पडताना, घाबरून दाराआड होताना आपण सुंदर दिसतो की नाही याची तिला फिकीर नाही, आणि हीच त्या काळच्या नायिकांमध्ये दुर्मीळ गोष्ट होती. समोर मोतीलाल. आपल्याकडे नैसर्गिक अभिनयाचा आद्य पुरुष मानला जाणारा, संवाद जणू तिथल्या तिथे सुचल्यासारखा बोलणारा नट. त्याच्यासमोर बहुतेक नट्या नाटकी वाटत. मीना त्याच्या बरोबरीने खेळते, कधीकधी त्याच्या हातून प्रसंग काढून घेते.

‘लारा लप्पा’ या प्रवाहात येतं. कचेरीतल्या मुली एकीकडे, पुरुष कर्मचारी दुसरीकडे, आणि एकमेकांची उणीदुणी काढत रंगलेला सवाल-जवाब. चालीत पंजाबची माती आहे, प्रसंग मात्र नव्या शहरातला: नोकरी करणाऱ्या, पगार घेणाऱ्या, पुरुषांना तोंडावर उत्तर देणाऱ्या मुलींचा. फाळणीने अनेक घरांतल्या बायकांना पहिल्यांदा कमवायला बाहेर काढलं. टंकलेखन शिकून कचेरीत जाणारी मुलगी दिल्लीत आणि मुंबईत दिसू लागली ती याच वर्षांत. त्या मुलीला हिंदी पडद्यावर इतकं मोकळं, इतकं आनंदी गाणं मिळालं, आणि ते मीनाच्या चेहऱ्यावर उमटलं. गाणाऱ्या गळ्याचं कौतुक आपण केलं, करायलाच हवं होतं. चेहऱ्याचं करायचं राहून गेलं.

पुढची वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती तशीच गेली. 1951 मध्ये ‘ढोलक’ आला. नायक अजित, संगीत श्यामसुंदर. तो चांगला होता. 1953 मध्ये ‘आग का दरिया’ आणि पुन्हा मोतीलालसोबत ‘एक दो तीन’. तेच तेच होऊ लागलं. प्रेक्षकाची नजर दिलीप कुमार-नर्गिस-मीना कुमारी यांच्या अश्रूंकडे वळली होती. मोठी नायिका म्हणजे सोसणारी नायिका, असं समीकरण पक्कं होत होतं. हसवणारी नायिका टिकली ती गीता बालीच्या रूपात, आणि तिचंही कौतुक व्हायला भगवानदादांचा ‘अलबेला’ लागला. गीता बालीही पंजाबची, तिचीही सुरुवात लाहोरची. अवखळपणाची ती मोकळी रीत मला लाहोरच्या पाण्याचीच वाटते. मीनाला नेमकं ओळखणारा शोरींखेरीज दुसरा दिग्दर्शक नव्हता, हे तिचं दुर्दैव. शोरींचं नशीब घसरलं तसं तिचंही घसरलं.

दरम्यान पाकिस्तानात वेगळाच पेच उभा राहिला होता. 1954 मध्ये तिथल्या चित्रपट-व्यावसायिकांनी भारतीय ‘जाल’च्या प्रदर्शनाविरुद्ध लाहोरात मोठं आंदोलन केलं आणि भारतीय चित्रपटांच्या आयातीवर बंधनं आली. त्यामुळे तिथे स्थानिक चित्रपटांची मागणी वाढली. कराचीचे हिंदू निर्माते जे. सी. आनंद यांनी रूप शोरींना निमंत्रण दिलं: लाहोरला या आणि आमच्यासाठी चित्रपट करा. गुरुदत्तचा ‘मिस्टर अँड मिसेस 55’ नुकताच गाजला होता, त्याच धर्तीवर ‘मिस 56’ करायचं ठरलं.

1956 मध्ये नवरा-बायको लाहोरला गेले. शोरींसाठी ते जळालेल्या स्टुडिओचं गाव, मीनासाठी माहेर. ‘मिस 56’मध्ये संतोष कुमार होते, आणि मुंबई गाजवून पाकिस्तानात गेलेले जुने विनोदवीर चार्लीही. चित्रपट पुरा झाला. शोरी भारतात परतले. मीना परतली नाही.

तिने असं का केलं याची उत्तरं लोकांनी आपापल्या सोयीने दिली. मला त्यात विश्वासघात वगैरे दिसत नाही. मुंबईत तिच्याकडे काम उरलं नव्हतं. लाहोरात माणसं तिला पाहायला गर्दी करत होती, निर्माते दारात येत होते, सभोवती तिची भाषा होती. त्याच वर्षी अन्वर कमाल पाशांच्या ‘सरफरोश’मध्ये तिला भूमिका मिळाली. लक्स साबणाच्या जाहिरातीसाठी निवडलेली पाकिस्तानची पहिली नटी तीच. ज्या बाईने नऊ वर्षांपूर्वी सगळं सोडून निर्वासिताची साथ धरली, तिने आता स्वतःसाठी एक निर्णय घेतला, इतकंच म्हणावं.

हा निर्णय तिला लाभला नाही. लाहोरला तिच्या हसवण्याची गंमत कळली, पण तिला ओळखून पटकथा लिहिणारा जोहर तिथे नव्हता, तिच्या थांबण्याची लय सांभाळणारा शोरी नव्हता. नायिकेच्या भूमिका थोड्याच वर्षांत संपल्या आणि चरित्र भूमिकांवर वेळ आली. तिकडे विनोद 1959 च्या नाताळात गेले, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी. शोरींनी ‘मैं शादी करने चला’ आणि किशोर कुमार-जोहर यांना घेऊन ‘अकलमंद’ काढला. जुना रंग काही चढला नाही. 1973 मध्ये तेही गेले. 1965 च्या युद्धानंतर सरहद्दीवरून चित्रपटांचं येणं-जाणं पुरतं बंद झालं होतं.

मुंबईतला पंजाबी चित्रपट मात्र जगला. ‘लच्छी’, ‘पोस्ती’, ‘भंगडा’ असे चित्रपट इथे तयार होत राहिले, निशी आणि इंदिरा या नायिका आल्या, 1960 च्या ‘चौधरी करनैल सिंग’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 1969 चा ‘नानक नाम जहाज है’ पाहायला गावंच्या गावं लोटली. ही सारी वाट ‘चमन’ने मोकळी करून दिली होती.

मीनाची अखेरची वर्षं लाहोरात फार हलाखीत गेली. 1989 मध्ये ती वारली तेव्हा दफनासाठीही लोकांनी पैसे जमवले, असं सांगतात. पाकिस्तानच्या चित्रपट-इतिहासात ती उशिरा आलेली पाहुणी म्हणून दोन ओळींत येते. आपल्याकडे निघून गेलेली म्हणून तेवढ्याही मिळत नाहीत. नूरजहाँवर दोन्ही देश हक्क सांगतात आणि ते योग्यच आहे. मीनाच्या बाबतीत मी मुंबईचा हक्क सांगेन. ‘चमन’, ‘एक थी लडकी’ आणि ‘ढोलक’ ही तिची खरी कमाई, आणि ती तिने या शहरात, इथल्या भाड्याच्या स्टुडिओंत, आपल्यासारख्याच घर गमावलेल्या माणसांबरोबर केली. मुंबईच्या चित्रपटांचा इतिहास लिहिताना तिला पूर्ण प्रकरण मिळायला हवं.